दहीसाखर आणि दुसरी सर्व्हिस

ताई,

परवा संध्याकाळी दादांनी स्वतःहून टीव्ही लावला. बायकांच्या एकेरीची फायनल चालू होती. सगळा जन्म पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये कापडाला रंग चढवण्यात घालवलेला हा माणूस. तुम्ही टेनिस लावलं की उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा. परवा मात्र तुमच्या जागेच्या शेजारी बसला, तुमच्या जागेवर नाही, आणि दोन-तीन गेम मुकाट पाहिल्यावर आम्हाला विचारलं, "यातली आपली कोण?"

अविनाश माझ्याकडे बघायला लागला आणि मी पडद्याकडे. हे ठरवणं तुमचं काम होतं. मॅच सुरू होण्याआधी दोघींपैकी एक आपली व्हायलाच हवी, त्याशिवाय तुम्ही चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. निवडीचे तुमचे नियम मला कधीच पूर्ण कळले नाहीत. जिची आई प्रेक्षकांत बसली असेल ती बहुधा आपली. दोघींच्या आया असतील तर जी आईकडे कमी वेळा बघते ती, कारण बिचारी दबलेली असते. पहिला सेट हरलेली कधी कधी मधूनच आपली व्हायची, आणि आधीची आपली एका क्षणात परकी. मी म्हणायचे, ताई, खेळ बघा ना, कोण चांगलं खेळतंय ते बघा. त्यावर तुम्ही म्हणायच्या, चांगलं खेळणारीला माझी काय गरज?

परवा मी दादांना म्हटलं, निळ्या टोपीची आपली. का, ते मलाही ठाऊक नव्हतं. ती हरली. दादा म्हणाले, "तुझ्या ताईनं दुसरी घेतली असती," आणि आम्ही तिघंही हसलो. तुम्ही गेल्यानंतर या घरातलं ते पहिलं मोठं हसू. ते तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले आणि आता लक्षात येतंय, कळवायचं बरंच आहे. त्यातली एक गोष्ट तर अशी आहे की ती मला कळल्यापासून मी मनातल्या मनात रोज तुम्हाला हाक मारते आहे. ती सांगेन, पण शेवटी. मला ओळीनं सांगायची सवय आहे आणि तुम्हाला मधेच शेवट विचारायची. या वेळी माझं चालणार.

अविनाशशी लग्न होऊन मी सुरतेत, भेस्तानच्या या घरात आले तेव्हा तुम्ही थोरली जाऊ म्हणून दारात भाकरतुकडा ओवाळलात, आणि आत आल्यावर माझ्या बॅगेतली पुस्तकं बघून विचारलंत, "एवढी सगळी वाचून झाली का अजून आणशी?" मी वाईची, कमी बोलणारी, इथल्या मराठी शाळेत शिकवायला लागलेली. तुम्ही अमळनेरजवळच्या गावाच्या, दार उघडायच्या आधी बोलायला सुरुवात करणाऱ्या. अहिराणी मला कळायची नाही आणि माझं मराठी तुम्हाला वर्तमानपत्रासारखं वाटायचं. तुम्ही मला मास्तरीण म्हणायच्या, थोडं कौतुकानं, थोडं टोचून. पहिली काही वर्षं आपण दोघी एका ओट्यावर स्वयंपाक करत होतो, पण बोलणं मीठ-मिरचीपुरतंच. भांडण कधी नव्हतं. भांडायला लागते तेवढीही ओळख नव्हती.

ओळख करून दिली कयलनं.

तो जानेवारी आठवतो ना? उत्तरायण नुकतंच झालं होतं, गच्चीच्या कठड्यांना अजून मांजा लोंबत होता. अविनाशच्या बँकेतले एक सहकारी नदीपलीकडच्या एका क्लबच्या टेनिस कमिटीवर होते. तिथे बायकांची व्यावसायिक स्पर्धा भरणार होती, अगदी खालच्या पायरीची. जिथून मोठ्या स्पर्धांचा रस्ता सुरू होतो, पण बहुतेकींचा तिथेच संपतो. काही मुलींना हॉटेल परवडत नाही, कुणी आठवडाभर घरात ठेवून घेईल का, असं ते विचारत होते. अविनाशनं जेवताना ही गंमत म्हणून सांगितली. आपल्या तीन खोल्यांत दादा-अविनाश दोघे भाऊ, आपण दोघी जावा, आणि तुमचे दोन नि माझा एक असे तीन मुलगे, मिळून सात माणसं. तुम्ही पोळी लाटता लाटता मागे न बघता म्हणालात, "मना घरमा पोर नही. धाडी दे म्हना." पोर म्हणजे तुमच्या बोलीत मुलगी.

दुसऱ्या दिवशी ती आली. कयलविळी, तिरुप्पूरची. खांद्यावर तिच्यापेक्षा मोठी बॅग. वडील तिथल्या बनियनच्या कारखान्यात. हे कळल्याबरोबर दादांनी तिला इथल्या रंगाबद्दल आणि तिथल्या सुताबद्दल एवढं विचारलं की पोरीला वाटलं असेल, मुलाखतच चालली आहे. तिला हिंदी जेमतेम येत होतं, तुमचं हिंदी तुमचं तुम्हालाच येत होतं. तरी पहिल्याच संध्याकाळी तुम्ही तिच्याकडून सगळं काढून घेतलंत, आणि रात्री भांडी लावताना मला सांगितलंत. मी ते नंतर तिच्याशी इंग्रजीत बोलून पडताळून पाहिलं. एक अक्षर चुकलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. जगातल्या खेळाडूंची जी क्रमवारी असते तिच्यात नाव यायचं तर तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवावे लागतात. कयलनं दोन ठिकाणी मिळवले होते. तिसरीकडे मिळत नव्हते. मुख्य स्पर्धेतली एक मॅच जिंकली की झालं असतं, आणि ती एक मॅच गावोगाव तिच्या हातून निसटत होती. वडिलांनी सांगितलं होतं, हा शेवटचा हिवाळा. सुरतेत नाही झालं तर परत यायचं आणि कारखान्याच्या ऑफिसात बसायचं. त्यात दमदाटी नव्हती, त्यांनाही आता खर्च झेपत नव्हता.

"एक मॅच," तुम्ही बोट वर करून मला म्हणालात. "एवढी एक गोष्ट आपल्या घरातून होत नाही म्हणजे काय?"

आपल्या घरातून. जसं काही रॅकेट दादांनी धरायची होती.

ती तुम्हाला अक्का म्हणायला लागली. तिच्याकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात आणि तुमच्या माहेरीही. एवढा एक शब्द दोघींना सारखा मिळाला आणि त्यावर तुम्ही आठवडा काढलात. तिला पात्रता फेरीच्या मॅच आधी खेळायच्या होत्या. त्या दोन्ही ती जिंकली आणि मुख्य स्पर्धेत शिरली. आता खरी मॅच. आदल्या दिवशी तुम्ही गच्चीवर चूल मांडायला घेतलीत. खापरावरचे मांडे करायचे म्हणून. पोर मोठ्या कामाला निघाली आणि तिला पुरणाचं जेवण नाही, हे तुमच्या डोक्यात बसेना. मी पहिल्यांदाच तुमच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, पुरण, तूप, वर दूध, एवढं पोटात घेऊन ती धावेल कशी? खेळाडूंनी काय खावं, मी वाचलंय. तुम्ही खापर हातात धरून माझ्याकडे बघत होतात. "तुले पुस्तकमा दिसस," तुम्ही म्हणालात, "माले पोरनं तोंड दिसस." पण चूल विझवलीत. खिचडी केलीत, त्यात सूड म्हणून तूप भरपूर घातलंत, आणि माझ्याशी झोपेपर्यंत बोलला नाहीत. मला मात्र आतून बरं वाटत होतं. आपलं पहिलं भांडण झालं होतं.

मग ती सकाळ. थंडी होती आणि दही लागलं नव्हतं. भांड्याला शाल गुंडाळून ठेवलेली, तरी आत नुसतं कोमट दूध. क्लबची गाडी ठरल्यापेक्षा आधी आली, ड्रायव्हर खालून हॉर्न देत राहिला, आणि कयल तुम्हाला वाकून नमस्कार करून जिना उतरून गेलीसुद्धा. तुम्ही ओट्यापाशी उभ्या. हातावर दहीसाखर न देता पोर घराबाहेर पडली होती. मी समजूत घालत होते, ताई, तिच्याकडे असलं काही नसतं, तिला काही वाटणार नाही. तुम्ही म्हणालात, तिला नाही, मला वाटतंय.

त्यानंतर तुम्ही काय केलंत ते मी त्या वेळी पाहिलं नाही, मी फोनवर शाळेत रजा कळवत होते. शेजारच्या हंसाबेनकडून आयतं दही आणलंत, साखर घातलीत, स्टीलच्या छोट्या डब्यात भरून डबा पिशवीत टाकलात. हंसाबेनही सोबत निघाल्या. आपण तिघी रिक्षानं क्लबवर पोचलो तेव्हा मॅच सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि कयल पहिला सेट हरली होती.

प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा, वीसेक माणसं. समोरची मुलगी दिल्लीची, उंच, हसतमुख, आणि कयल मात्र लाकडासारखी. मला टेनिस तेव्हा पुस्तकातूनच माहीत होतं, पण तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले मलाही दिसत होते. प्रत्येक पॉइंटनंतर ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची, टॉवेलपाशी जाऊन उभी राहायची. पंचांनी वेळ लावते म्हणून तिला एकदा समज दिली होती, हे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या, कुणा खेळाडूच्या वडिलांनी सांगितलं. पुन्हा उशीर केला आणि सर्व्हिस तिची असली, तर पहिली सर्व्हिस बाद धरतात, हेही त्यांनीच सांगितलं. मी ते तुम्हाला समजावून सांगत होते. तुम्ही ऐकत नव्हता. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होता.

दुसऱ्या सेटमध्ये ती चार-पाच अशी मागे होती. पुढचा गेम गेला की मॅच गेली, आणि मॅच गेली की सगळंच गेलं. बाजू बदलायची वेळ झाली, दोघी आपापल्या बाकावर जाऊन बसल्या. मी पाण्याची बाटली शोधायला खाली वाकले आणि वर बघते तो तुमची खुर्ची रिकामी.

तुम्ही जाळीचं छोटं दार उघडून आत गेला होता. पदर खोचलेला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चपला, कारण आत निळ्या कोर्टावर चपला घालून कसं जायचं. देवळात शिरावं तशा अनवाणी तुम्ही कोर्ट ओलांडून गेलात. पंच उंच खुर्चीवरून "मॅडम, मॅडम" करत होते. कयल उठून उभी राहिली होती. तुम्ही तिचा उजवा हात धरलात, तळहात उघडलात, त्यावर चमचाभर दही ठेवलंत आणि बोटानं खूण केलीत: खा. पंच आता खुर्चीवरून उतरायला लागले होते. तुम्ही त्यांच्याकडे वळून अगदी शांतपणे सांगितलंत, "साब, लडकी सुबह बिना दही के निकली थी." एवढ्यानं त्यांना सगळं समजेल याबद्दल तुम्हाला शंका नव्हती.

कयलनं खाल्लं. एक क्षण तिचा चेहरा कसातरी झाला. मग तिनं पाठ फिरवली आणि तिचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, झालं, रडते आहे. हंसाबेन पुढे वाकून बघत होत्या. "आ छोकरी केम हसे छे?" त्या मला विचारायला लागल्या. खरंच, ती हसत होती. तोंडावर हात दाबून, कमरेत वाकून हसत होती. तुम्ही पदरानं तिचा तळहात पुसलात, पाठीवर एक थाप मारलीत आणि आल्या वाटेनं परत. तुम्हाला बाहेर आणायला आलेला क्लबचा माणूस चालताना तुमच्या चपलांपैकी एक हातात घेऊन मागून येत होता, ती तुमच्या हातातून पडली होती.

उशीर झालाच होता. पंचांनी जाहीर केलं: पहिली सर्व्हिस बाद. मी डोळे मिटून घेतले. शेवटचा गेम असू शकणारा गेम, आणि तिच्या हातात आता एकच सर्व्हिस, तीही आपल्या दह्यापायी. मला वाटलं, आता ही मुलगी आयुष्यभर आपल्या नावानं बोटं मोडेल. तुम्ही मात्र खुर्चीत बसून पदर सारखा करत होता, आता आपल्या हातचं काम झालं अशा चेहऱ्यानं.

दिल्लीची मुलगी पुढे सरकून उभी राहिली. एकच सर्व्हिस उरली की ती हळू येते, हे तिला ठाऊक. कयलनं चेंडू उडवला आणि सगळं अंग सोडून मारला. चेंडू रेषेवर पडून बाहेर गेला, दिल्लीवालीची रॅकेट तिथे पोचलीही नाही. त्यानंतरचं मी तुम्हाला काय सांगू, तुम्हीच ते आख्ख्या सोसायटीला इतक्या वेळा सांगितलंत की शेवटी शेवटी त्यात कोर्टावर वाराही सुटायला लागला होता. कयलनं तो गेम घेतला, सेट घेतला. तिसऱ्या सेटमध्ये तिनं एकदाही नाडी बांधली नाही. शेवटचा पॉइंट झाला तेव्हा तिनं रॅकेट टाकली नाही की आकाशाकडे पाहिलं नाही. ती जाळीपाशी जाऊन दिल्लीच्या मुलीला भेटली, पंचांना भेटली, आणि मग सरळ आपल्या रांगेकडे येऊन जाळीतून बोटं बाहेर काढली. तुम्ही ती बोटं धरलीत.

त्या संध्याकाळी चूल पेटली. तुम्ही उलट्या खापरावर हातांनी पसरवत मांडे टाकत होता आणि ती पोरगी गच्चीच्या कठड्याला टेकून, खाली वाकून, मोजदाद सोडून खात होती. "खाव बेटा, और एक खाव." दुसऱ्या दिवशी पुढची फेरी होती हे तुम्हालाही माहीत होतं, मलाही, तिलाही. विषय कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी ती तासाभरात हरली. दोन्ही सेट मिळून तिला दोन गेम मिळाले. हरून घरी आली ती शीळ घालत.

आणि तिथून आपला वाद सुरू झाला, जो तुमच्याबरोबर संपेल असं मला वाटलं होतं. तुमचं म्हणणं, ती दहीसाखरेनं जिंकली. माझं म्हणणं, दह्यानं तिची एक सर्व्हिस गेली, ती जिंकली स्वतःच्या हातानं. आणि दह्यानं जिंकली असेल तर मग मांड्यांनी हरली, हे मान्य करा. "मांडा खाईसन कोनी हारस का?" तुम्ही म्हणायच्या. तुमच्या मते तिचं काम आधीच झालं होतं, दुसऱ्या दिवशी ती कोर्टवर नुसती फिरायला गेली होती. वर्षानुवर्षं आपण हे भांडलो. भाजी निवडताना, दवाखान्याच्या बाकावर, पलसाण्याला लग्नाला जाताना बसमध्ये. दादा वैतागून म्हणायचे, तुम्हा दोघींना दुसरा विषय नाही का? नव्हता. लागत नव्हता.

निघताना तुम्ही तिची ओटी भरलीत. शेजारच्या बायका म्हणाल्या, कुवाऱ्या मुलीची ओटी? तुम्ही म्हणालात, "मनी पोर शे, मी भरसू." तिच्या अंगात ट्रॅकसूट, पदर कुठून आणणार? तिनं टी-शर्टचं टोक धरून पुढे केलं. त्यात तुम्ही तांदूळ, नारळ, दादांनी स्वतःच्या हाताखाली रंगवून घेतलेली जांभळी साडी, सगळं घातलंत. नारळाच्या ओझ्यानं टी-शर्ट ताणला गेला आणि ती तशीच दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, हलायची भीती वाटावी तशी. मी दारात होते. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा वाईला निघाले तेव्हा तुम्ही अशीच माझी ओटी भरली होतीत, आणि मी त्या वेळी घाईत होते, गाडी चुकेल म्हणून. कयल मात्र सावकाश उभी होती. तिच्याकडे बघून मला कळलं की अशा वेळी कसं उभं राहायचं असतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही म्हणाला असता, मास्तरीण, एवढं कळायला तुले टेनिस लागलं का?

क्रमवारी दर सोमवारी लागते. पुढचे दोन सोमवार तुम्ही मला शाळेतून आल्याबरोबर कॉम्प्युटरपुढे बसवलंत. दुसऱ्या सोमवारी नाव सापडलं. आकडा हजाराच्या बराच पलीकडचा होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी तो जरा हळू आवाजात वाचला. तुम्ही पुन्हा वाचायला लावलात, आणि मग दादांना हाक मारून सांगितलंत, "हजार बाया पुढे शेत. नि बाकी दुन्यान्या समद्या बाया मांगे." जगातल्या सगळ्या क्रमवाऱ्या मी तेव्हापासून तशाच वाचते, खालून.

त्यानंतर आपण दोघी टेनिस बघायला लागलो. माझ्या वह्या तपासायच्या, तुमचा लसूण सोलायचा, आणि समोर कुठल्या तरी देशातल्या दोन मुली. मी तुम्हाला गुण मोजायला शिकवले. पंधरा, तीस, चाळीस. तुम्ही थांबवलंत. पंधरा आणि पंधरा तीस, मग पंचेचाळीस पाहिजे. चाळीस कसे? मी पुस्तकं उलटीपालटी केली, त्याची दोन-तीन कारणं सापडली, ती सांगितली. तुम्हाला एकही पटलं नाही. "बाकीना पाच कोन खाई गया?" हा प्रश्न तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाहीत. दवाखान्यात सलाईन लावायला आलेल्या सिस्टरलाही तुम्ही तो विचारला होता. ती बिचारी तुमच्या बिलाबद्दल आहे असं समजून डॉक्टरांना बोलवायला गेली. आपण किती हसलो. तुम्हाला हसताना खोकला यायचा, तरी तुम्ही थांबत नव्हता.

आता ती गोष्ट.

तुमच्या तेराव्याला कयल आली. तिला मी कळवलं नव्हतं, दादांनी फोन केला होता. आता ती खेळत नाही. त्या हिवाळ्यानंतर अजून चार वर्षं खेळली. क्रमवारीत नाव लागल्यावर वडिलांनी पुन्हा ऑफिसाचं नाव काढलं नाही. हल्ली तिरुप्पूरलाच लहान मुलींना शिकवते. अंगानं भरली आहे, हिंदी चांगलं झालंय. तुमच्या फोटोपुढे बराच वेळ बसली. मग उठून स्वयंपाकघरात आली आणि माझ्याबरोबर वाढायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी मागे जेवायला बसलो. मी तिला ते विचारलं. विचारलं कशाला, मला तुमच्याविरुद्ध साक्षीदार हवा होता. म्हटलं, कयल, खरं सांग. त्या दिवशी तू दह्यानं जिंकलीस की तुझ्या सर्व्हिसनं? ताई नेहमी म्हणायच्या, दहीसाखर. आता त्या नाहीत, तू सांगू शकतेस.

तिनं घास खाली ठेवला. आणि तिचे खांदे हलायला लागले, त्या दिवशीसारखे, अगदी तसेच.

"दीदी, अक्का को कभी नहीं बोला मैंने," ती म्हणाली. "उसमें साखर नहीं थी. नमक था."

तुम्ही, ताई. त्या आठवड्यात तिळाच्या लाडवांसाठी दळून ठेवलेली साखर आणि मीठ, दोन सारखे डबे, आणि तुम्ही घाईत. शुभ काम म्हणून अनवाणी कोर्ट ओलांडून गेलात आणि पोरीच्या हातावर मीठ घातलेलं दही ठेवून आलात.

ती सांगत होती. आपल्या घरी आल्यापासून तिला सगळं गोडच मिळत होतं. इथल्या गुजराती सवयीनं डाळीत गूळ, भाजीत साखर, चहा पाकासारखा, तुम्ही प्रेमानं पुढे करायच्या आणि ती गिळायची. त्या दिवशी कोर्टवर तिला काही दिसत नव्हतं, फक्त वडिलांचा चेहरा आणि कारखान्याचं ऑफिस. आणि मग तळहातावर दही आलं आणि जिभेला मीठ लागलं. तिच्याकडे दही तसंच खातात. दुपारी उन्हातून खेळून आली की तिची आई तोच घास हातावर द्यायची, दहीभाताचा, मिठाचा. "मुझे लगा, अम्मा यहाँ कैसे आ गई," ती म्हणाली. तेवढ्यात तिला तुमचा चेहरा दिसला, साखर दिल्याच्या समाधानाचा, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता तिचं अंग सुटलं. सर्व्हिस करताना, म्हणाली, ती अजून हसतच होती.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, मिठाचं कळलं असतं तर अक्काला अशुभ वाटलं असतं. त्यांच्या मनाला लागलं असतं. आणि त्यांनी पुढच्या वेळी नक्की साखर घातली असती.

ताई, तुमच्या तेराव्याच्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघी इतक्या हसलो की दादा बघायला आले. त्यांना सांगितलं. ते दाराला धरून उभे राहिले, हसले, आणि मग तोंड धुवायला म्हणून आत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

तर मी एवढी वर्षं म्हणत होते की त्या दह्याचा आणि जिंकण्याचा काही संबंध नाही. होता. मी चुकले. पुस्तकात नव्हतं, तुम्हाला तिच्या तोंडावर दिसलं होतं की हिला घरून काहीतरी पोचायला हवं. ते तुम्ही पोचवलंत, भलत्याच घरचं का असेना. हा पॉइंट तुमचा. वाद तुम्ही जिंकलात.

पण साखर नव्हती, ताई. मीठ होतं. एवढं मात्र भेटलात तर मी ऐकवल्याशिवाय राहणार नाही, आणि तुम्ही कबूल करणार नाही, हेही मला माहीत आहे. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करू.

तुमची,
मास्तरीण